वारा न घालणारी गाडी

गाडी वर उठली तेव्हा आमच्या निशिमे बेटावरचं झाडून सगळं माणूस धक्क्याजवळच्या वाळूत जमलं होतं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा ढकलगाडीत घालून आणलं होतं. समोर समुद्रातून सूर्य वर येत होता आणि त्या झगझगाटात एक पांढरीशुभ्र, अंड्यासारखी गाडी जमिनीवरून अलगद सुटली. घरघर नाही, धूर नाही, पंख्याचं पातंसुद्धा नाही. धक्क्यावरून उठून ती संथपणे आमच्या बाजूला सरकली, जराशी झुलली आणि पुन्हा धक्क्यावर जाऊन टेकली. कुणीतरी चक्क हात जोडले.

"सूर्याकडे पाहा!" भोंग्यातून हाकोझाकी गुरुजींचा आवाज आला. गुरुजी स्वतः गाडीत बसले होते. पांढरा अंगरखा, विंचरलेली दाढी, चेहऱ्यावर साखर. "नजर सूर्यावर ठेवा, म्हणजे विश्वाची शक्ती तुमच्यातही उतरेल. आम्ही पृथ्वीची ओढच तोडली आहे! उद्या प्रत्येक घरापुढे अशी गाडी. चहा निवायच्या आत पलीकडच्या शहरात!"

"आज बसू का हो मी?" मी दोरीच्या कुंपणाबाहेरून विचारलं.

"इसोए आजी, आधी शरीर हलकं करावं लागतं. साधना आहे ती."

"म्हणजे जेवण सोडायचं? मग राहू द्या."

हसले सगळे, पण माझ्यावर. गाडी तर डोळ्यांदेखत उडाली होती.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. गुरुजींना आमचा धक्का हवा होता, गाड्यांचा तळ करायला. आम्ही होकार दिला की वसंतापासून शहराची बोट बंद होणार होती. उडत्या गाड्या आल्यावर बोट कशाला, असं पलीकडच्या कचेरीचं म्हणणं.

लोकांनी गुरुजींना काय विचारलं असेल? किती उंच, किती वेगात? छे. आमच्या बेटानं एकच गोष्ट विचारली, "वारा घालते का?"

गुरुजी गोंधळले. त्यांना काय ठाऊक! आमचं पोट इरिकोवर, त्या बोटभर मासळीवर. उकडायची, जाळीच्या चौकटींवर पसरायची आणि उन्हात कुरकुरीत करायची. वाळली की ती इतकी हलकी होते की शिंकायचीही चोरी. माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखान्याचं हेलिकॉप्टर याच वाळूवर उतरलं होतं आणि अख्ख्या गावाची मासळी देवळाच्या छपरावर जाऊन पडली होती. पुढे आठवडाभर बेटावरची मांजरं छपरावरून खाली उतरली नाहीत. नवरा वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द बोलला तो "मासळी?" देवमाणूस होता, पण मासळीपुढे मीसुद्धा दुसरी.

"वारा?" गुरुजींना आता अंदाज आला. ते गोड हसले. "तिळभरही नाही. पीससुद्धा जागचं हलणार नाही."

तिथेच त्यांनी बेट जिंकलं.

आमच्या बैठकीत हात मोजत नाहीत. एकाचा जरी नकार उरला तरी गोष्ट अडते, आणि मग बाकीचे त्या एकाला चहा पाजून पाजून वळवतात. त्या दिवशी तो एक नकार तोमे बाईंचा होता.

तोमे बाई आमच्या बंद पडलेल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई. माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड बोटीनं शहरात जायचं, यंत्रानं रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. बोट म्हणजे तिचा श्वास होता.

"बाई, तुमच्यासाठीच तर हे सगळं," गावप्रमुख काजितानी अजिजीनं म्हणाला. साठीचा बाप्या, पण बाईंपुढे अजून हात मागे बांधून उभा राहायचा. "गाडीनं भुर्रकन जाल."

"जाईन की. अशा गाड्यांचे प्रयोग मोठ्या शहरांत चाललेत, मी वाचते. पण त्यांना पंखे असतात, बॅटरी लवकर संपते आणि वारा सुटला की जमिनीवर बसून राहावं लागतं. खरी गाडी येईल तेव्हा पहिली मी बसेन. पण ही खोटी निघाली आणि बोटही बंद झालेली असली, तर मी पोहत जाऊ?"

"मग काय करू म्हणता?"

"उद्या पहाटे पुन्हा उडवा. या वेळी मासळीवरून."

गुरुजींनी आनंदानं मान हलवली. त्यांचं तर यातच भलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी धक्क्यालगत चौकटी मांडल्या. वाळून खडखडीत झालेली मासळी मुद्दाम वर पसरली. सूर्य उगवला. गाडी आली आणि अगदी चौकटींवर येऊन थांबली.

एक मासा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहिलंत ना बाई?" भोंगा गर्जला.

"पाहिलं," तोमे बाई म्हणाली. "गाडीचं वजन किती म्हणालात?"

"चार माणसांइतकं!"

"काजितानी, उभा राहा."

"उभाच आहे, बाई."

"तुला पोहायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"पाणी मागे ढकलल्याशिवाय पुढे गेलास कधी?"

"नाही."

"मग हवेत तरंगणाऱ्यानं हवा खाली ढकलायला नको? जितकं वजन जास्त, तितका झोत मोठा. हेलिकॉप्टरनं मासळी छपरावर नेली ती उगीच? चार माणसांचं ओझं डोक्यावर आहे आणि खाली मासा जागचा हलत नाही. म्हणजे याला हवेनं धरलेलं नाही. मग कशानं धरलंय?"

"विश्वशक्तीनं!" भोंगा ओरडला.

"असेल. आपण फक्त जागा बदलून पाहू. चला रे सगळे, धक्क्याच्या टोकाला. आणि सूर्याकडे पाठ करा."

"कुंपण ओलांडू नका! शक्ती बिघडेल!"

पण बाईंनी "चला" म्हटल्यावर थांबणारं माणूस त्या बेटावर जन्माला यायचं होतं. रांग लावूनच निघाले सगळे. टोकाशी जाऊन वळलो. आता सूर्य पाठीशी होता आणि समोर हिरवी टेकडी उजळली होती. टेकडीवरच्या जुन्या संत्र्यांच्या मळ्यापासून धक्क्यावरच्या लोखंडी खांबापर्यंत कोळ्याच्या धाग्यासारखी एक तार लखलखत होती. गाडी तिला लोंबत होती.

"अगं बाई!" मी म्हणाले. "हा तर आपला संत्र्यांचा रोपवे!"

लहानपणी याच वाटेनं संत्र्यांच्या पेट्या टेकडीवरून धक्क्यावर यायच्या. मी आणि तोमे चोरून पेटीत बसून खाली यायचो आणि खाली आईचा मार तयार असायचा. मळा ओस पडला, जुनी तार गेली, खांब राहिला. त्यावर आम्ही सणाला कंदील टांगायचो. रोज दिसणारा खांब कुणाला दिसतो? वरची झोपडी गुरुजींनी 'ध्यानासाठी' मागून घेतली होती. तिथे विजेचा रहाट बसवून बारीक पोलादी तार ओढली होती. गाडी म्हणजे नुसतं पोकळ कवच. आणि लोकांना सूर्याकडे का पाहायला लावत होते, ते आता शेंबड्या पोरालाही कळलं.

लोक धक्क्यावर आलेले पाहून रहाटावरचा माणूस मागच्या वाटेनं पळाला. गुरुजी मासळीवर लटकत राहिले.

"गुरुजी, उतरा की!" काजितानीनं हाक मारली.

"शक्ती... जरा... शिडी आहे का?"

बेट इतकं हसलं की त्या हसण्यानंच दोन मासे उडाले असतील.

धक्क्याच्या जागी त्यांना बडं हॉटेल बांधायचं होतं, हे मागाहून कळलं. त्या सकाळी मात्र शिंग फुंकत आमची बोट आली आणि गुरुजींना जायला तीच एक वाट होती. तोमेचाही तो दवाखान्याचा दिवस. ती त्यांच्याच शेजारी जाऊन बसली आणि संत्रं सोलून अर्धं पुढे केलं.

"घ्या. आणि पुढच्या वेळी गाडी आणाल तेव्हा पंखे लावून आणा. मासळी आम्ही उचलून ठेवू."

त्यानंतर तोमे त्याच बोटीनं कितीतरी वर्षं गेली आणि आली. आता ती नाही. आकाशातून खरोखर गाड्या जाऊ लागल्याचं नातवंडं सांगतात. आनंदच आहे. पण कुणी काही अद्भुत दाखवू लागला की तिचं ऐका. दाखवणारा जिथे उभं राहा म्हणतो, तिथून दोन पावलं बाजूला व्हा, आणि सूर्याकडे पाठ करून एकदा नीट पाहा.