बंद टाके

"काकू, इथे फक्त कुत्री-मांजरं बघतात," असं दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणेपर्यंत टेलरकाकूंनी शर्टांचा रिकामा खोका तिच्यासमोर ठेवलाही होता.

"मग आज कोंबडी बघा."

मुलीने मदतीसाठी मागे उभ्या असलेल्या भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. आपला यात काही हात नाही, असा चेहरा करून ते गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होते. काकू हटणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. मुलीलाही ते लवकरच कळलं.

खोक्यात बाईसाहेब होत्या. पाच वर्षांपूर्वी ही तपकिरी कोंबडी कुठूनशी भिंतीवरून उतरली, काकूंच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत बसली आणि बसली ती बसलीच. गिऱ्हाइकाच्या शर्टाची बटणं टोचायची, माप घेताना पायात यायची. दोन वर्षांपूर्वी तिने अंडी देणं बंद केलं तेव्हा भाऊजींनी एकदा पातेल्याकडे सूचक नजर टाकली होती. त्यानंतर आठवडाभर काकू त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी तिला स्टीलच्या टेबलावर घेतलं. चार दिवसांपूर्वी शेजाऱ्याचं कुत्रं त्याच्या उघड्या फाटकातून सुटून काकूंच्या अंगणात शिरलं होतं. एक पाय मोडला होता आणि पंखाखालून मांडीपर्यंत फाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पंख अलगद उचलला आणि त्या थांबल्या.

"हे टाके कोणी घातले?"

"मी."

"फार सुरेख आहेत."

काकूंची मान ताठ झाली. अठ्ठावीस वर्षांत त्यांची शिवण उसवली म्हणून एकही कपडा परत आला नव्हता. त्या दिवशी भाऊजी डॉक्टरकडे जाऊ म्हणाले, तेव्हा त्यांनी उडवून लावलं होतं. डॉक्टर कशाला, शिवायचंच तर आहे! सुई उकळली, रेशमी दोरा उकळला, जखम धुतली आणि बारीक, सारखे चौदा टाके घातले. मुंगी शिरली नसती, इतके घट्ट.

डॉक्टरीणबाईंनी कात्रीने खालचे दोन टाके कापले. खोलीत वास पसरला. काकूंनी नाकाला पदर लावला नाही.

"चाव्याची जखम अशी बंद करत नाहीत, काकू. आतली घाण बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. खाली थोडं उघडं सोडायचं."

"मी काम उघडं सोडत नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

दारातून भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, एवढे हाल करण्यापेक्षा घरीच मान मुरगाळली असती तर..."

"तुम्ही गप्प बसा. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी असलं काही सुचवलं नव्हतं."

डॉक्टरीणबाई ओठ दाबून हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. विष अंगभर गेलंय, पोटातही उतरलंय, म्हणाल्या. इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवणं, एवढंच आता करण्यासारखं आहे.

"औषध द्या. दर तासाला पाजीन. मशीन बंद ठेवीन, पण पाजीन."

"देते. पण तिला गिळताच येत नाहीये."

काकूंनी पिशवीतून एक पांढरं बटण काढून बाईसाहेबांच्या चोचीपुढे धरलं. एरवी बोटासकट ओढलं असतं तिने. आता डोळा तेवढा बटणाकडे वळला आणि पातळ पापणी पुन्हा मिटली. काकू बराच वेळ तशाच हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"त्याच दिवशी इथे आणली असती, तर जगली असती?"

"तसं सांगता येत नाही."

"सांगता येतं. तुम्ही सांगत नाही आहात."

डॉक्टरीणबाईंनी कात्री ट्रेमध्ये ठेवली.

"पाय गेला असता कदाचित. पण जगली असती."

काकूंनी मान हलवली. कोणी हिशोबाने कापड फाडावं तसं त्यांच्या आत काहीतरी सरळ रेषेत फाटत गेलं.

"घरी नेली तर?"

"दोन दिवस काढेल. पण ते फार वाईट असतील तिला."

दोन दिवस. दोन दिवसांत पुष्कळ करता आलं असतं. मांडीवर घेऊन बसता आलं असतं, पुन्हा पुन्हा माफी मागता आली असती. पण त्या सगळ्यातलं बाईसाहेबांच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. ते सगळं काकूंनाच हवं होतं, आणि हे कळल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

"द्या इंजेक्शन."

"तुम्ही बाहेर बसा. आम्ही करतो."

"मी धरणार. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी धरलेलं तिला चालत नाही."

त्यांनी धरलं. अठ्ठावीस वर्षं सुई धरलेला हात जराही हलला नाही. काम झालं तेव्हा त्यांनीच पंख नीट मिटवला आणि खोका उचलला.

गाडीत बसल्यावर भाऊजींना बोलल्याशिवाय राहवेना. काहीतरी चांगलं करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"त्या कुत्रेवाल्याला मी आता सोडत नाही, वहिनी. अख्ख्या गल्लीसमोर जाब विचारतो. आमची कोंबडी मारली म्हणजे काय!"

"फाटक उघडं का ठेवलं ते विचारा हवं तर. मारली त्याच्या कुत्र्याने नाही."

"मग कोणी?"

"मी. एकदा न कळता आणि एकदा कळून."

भाऊजींनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"असं कोणाला सांगू नका, वहिनी. लोक काय म्हणतील? गिऱ्हाइकं..."

"विचारेल त्याला सांगणार," काकू म्हणाल्या. त्यांनी खोका मांडीवर सरळ केला. "आणि खड्डा मी खणणार आहे. तुम्ही मध्ये यायचं नाही. चला."