भोंग्याने गिळलेले दुसरे वाक्य

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात, ग्रामपंचायतीच्या छपरावर मी आभाळाकडे आ वासून बसलो आहे. कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवले, तेव्हा वाटले होते, आपल्या कंठातून सनई वाजेल. नशिबी आला शिपाई मच्छिंद्र. नळाचे पाणी असो की हरवलेली शेळी, तो सारे काही प्रलय आल्यासारखे सांगे. लोक हसत, पण ऐकत. तेवढेच माझे कौतुक.

गेल्या वर्षी आरोग्य उपकेंद्राच्या प्रियदर्शनी सिस्टरांनी त्याला एक कागद दिला. आठवडी बाजारात गुडघेदुखीवर जडीबुटीची पुडी विकली जाई. तपासणीत तिच्यात स्टेरॉइडची भेसळ आढळली होती. कागदावर दोन वाक्ये होती. मच्छिंद्राने पहिले वाचले आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःचे घातले.

“पुडीत भेसळ हाय हो! ज्याच्या घरी सापडंल त्याला पोलीस नेतेन! आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर फेका!”

काहींनी पुड्या फेकल्या, काहींनी लपवल्या. उकिरड्यावरचा कोंबडा त्या टिपून आठवडाभर भरदुपारी आरवत राहिला.

मच्छिंद्राची आई केशरबाई वर्षभर रोज ती पुडी घेत होती. लेकाची नोकरी जाईल, या धाकाने तिने गुपचूप फेकली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि ती ओट्यावरून उठता उठता कोसळली. सिस्टरांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात पोहोचवले. घोषणा मच्छिंद्राची होती, मित्रांनो. पण तोंड माझे होते.

“मच्छिंद्र, दुसरं वाक्य कुठं गेलं?” सिस्टरांनी विचारले.

“ते जरा मिळमिळीत वाटलं, सिस्टर.”

“ते वाचलं असतंस, तर तुझ्या आईवर ही वेळ आली नसती.”

आठवड्याने केशरबाई दवाखान्यातून सुटली, ती घरी जाण्याआधी ग्रामपंचायतीत आली. लेकाच्या हातून तिने माइक हिसकावला.

“म्या केशर बोलून राह्यले. पुडी म्या बी खाल्ली. गुडघा असा झाल्ता की लग्नात नाचले असते! पर आत भेसळ व्हती. अंगाला तिची सवय झाल्ती, मंग ह्या येड्याचं ऐकून एकदम सोडली, अन् मरता मरता वाचले. कागदावरलं दुसरं वाक्य आता ऐका: रोज खानाऱ्यांनी एकदम सोडू नका, लपवू बी नका. पुडी घेऊन उद्या सिस्टरकडं या. त्या डॉक्टरला दाखवतेन, हळूहळू कशी सोडायची ते सांगतेन. पोलीस न्हाईत, कुनी रागवनार न्हाई. नाव न्हाई घेत. पर पागोट्यात पुडी लपवनाऱ्या भाऊजींनी बी यावं!”

तिला एकच भाऊजी ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात पागोटेवाले सहा आले.

आता मच्छिंद्र दुसरे वाक्य आधी वाचतो. माझ्या कडांना गंज चढला आहे, आत पारव्याने काड्या रचल्या आहेत. मित्रांनो, मला रंग लावा अथवा लावू नका. पण माझ्या तोंडी अर्धी गोष्ट देऊ नका. माझा आवाज फार लांब जातो, आणि मला तो परत बोलावता येत नाही.