दोन मिनिटांपूर्वीचं चित्र

टपालाच्या थैल्या नेणाऱ्या त्या एका इंजिनाच्या विमानात रडार नव्हतं. धावपट्टीलगतच्या खोलीत बसलेली थोरली बहीण पडद्यावर पावसाचं चित्र बघायची आणि वैमानिक भावाला रेडिओवर सांगायची.

त्या दुपारी पडद्यावर दोन मोठे लाल ठिपके होते आणि मधे काळी पट्टी. लाल म्हणजे वादळ, काळं म्हणजे मोकळं. कोपऱ्यात लिहिलं होतं : दोन मिनिटांपूर्वीचं.

"ताई, फट आहे का? वळसा घातला तर इंधन अगदी काठावर येईल."

"बारा किलोमीटर रुंद आहे. सरळ ये."

"चहा टाक मग. साखर घालून."

"आधी ये तर, मग नखरे कर."

नऊ मिनिटांनी फोन वाजला. हवामान कार्यालयातला कारकून होता. "बाई, तुमच्या उत्तरेचं रडार अर्धा तास बंद आहे. चित्रात तेवढा भाग जुनाच चिकटतोय."

"वर दोन मिनिटं लिहिलंय!"

"ती सगळ्या रडारांची चित्रं एकत्र जुळवल्याची वेळ. पाऊस पाहिल्याची नव्हे."

फोन तसाच सोडून तिनं रेडिओचं बटण दाबलं. "बारक्या, मागे फिर! फट आहे की नाही, मला माहीत नाही."

"आता सांगतेस?" खरखरीतून आवाज आला. "मागे सगळं पांढरं झालंय. डावीकडे की उजवीकडे?"

पडद्यावर पट्टी अजून तशीच होती, रुंद, स्वच्छ.

"ताई, बोल की!"

"इथलं काही खरं धरू नकोस रे. तुला कुठे उजेड दिसतोय?"

"डावीकडे. जरासा."

पुढे नुसती खरखर. तिनं चार वेळा हाक मारली. तेवढ्यात रडार सुरू झालं आणि चित्र एकदम बदललं. पट्टी नव्हती. सगळं लाल. 'सरळ ये' म्हणून तिला अकरा मिनिटं झाली होती. एवढी फट अकरा मिनिटांत बुजत नाही, हे तिला ठाऊक होतं; म्हणजे ती तेव्हाही नव्हती.

"ताई... इंजिन खोकतंय. खाली कालवा आहे, उजवीकडे रस्ता. उतरवतोय."

तिनं भिंतीवरचा कागदी नकाशा ओढूनच काढला. "त्या रस्त्यावर पुलापाशी विजेच्या तारा आहेत. पुलाच्या अलीकडेच टेकव."

"पूल दिसतोय कुणाला!"

"मग आत्ता टेकव. आत्ता, बारक्या!"

काहीतरी करकरलं. मग रेडिओवर पाऊस ऐकू आला, पत्र्यावर पडतो तसा. इंजिनाचा आवाज नव्हता.

"बारक्या? बारक्या!"

पाऊस पडतच होता.

"ओरडू नकोस गं," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "पाय अडकलाय. कालव्याचं पाणी आत येतंय. लवकर कुणाला तरी पाठव."