बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावर तळ्याचे चित्र आहे आणि त्यात दोन बदके आहेत. एका बदकाची चोच खरवडून गेली आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारे बहुतेक जण आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. माझ्या हातून एक काम असे झाले आहे की त्याची मला अजून लाज वाटते.

कारखान्यात मला घडवले तेव्हा तपासणाऱ्या बाईने माझे झाकण दोनदा ओढून पाहिले आणि "हा पक्का आहे" म्हणून मला पुढे सरकवले. तेवढ्यावर मी फुगलो. माझ्यात बिस्किटे भरली, ती एका घरात आठवडाभरात फस्त झाली, आणि आता आपली रवानगी भंगारात होणार असे वाटत असतानाच मास्तरांनी मला उचलले.

मास्तर कपडे शिवत. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान होते. खिडकीशी मशीन, मागे कापायचे लांब टेबल, खुंटीला मापाची टेप आणि कोपऱ्यात पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. माझ्यात त्यांनी बटणे भरली. "एक वेळ शर्ट फाटेल, पण मास्तरांचं काज उसवणार नाही," असे गिऱ्हाइके म्हणत, आणि त्यात थोडे कौतुक माझेही आहे असे मी धरून चाले. मास्तरांची लेक माझ्यातल्या बटणांवर आकडे शिकली. पुढे लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली आणि मग तिची चार वर्षांची छकुली रोज आजोबांकडे येऊन तोच खेळ मांडू लागली. पांढरी बटणे इकडे, काळी तिकडे, चुकार सगळी आजोबांच्या बुटात.

मग मास्तर बदलले. उदास माणूस रडतो, एवढेच मला माहीत होते. मास्तर रडत नव्हते, ते चिडत होते. एकच कॉलर चार-चार वेळा उसवत. जेवणाची चव गेली, पहाटेच जाग येई, आणि एका पँटची खालची किनार दुमडून शिवायला सगळी सकाळ पुरत नसे. जाड मिशीचे एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा हेलपाटा घालून आले तेव्हा मास्तर त्याच्यावर ओरडले, "एवढी घाई असेल तर दुसरीकडे टाका!" तो गेल्यावर ते मांडीवरच्या कापडाकडे बघत बसले. लोक म्हणाले, मास्तरांना आळस आला. खरे सांगतो, मलाही तसेच वाटले.

त्यांच्या बायकोला मात्र तसे वाटले नाही. त्यांना सगळी गल्ली काकू म्हणते.

"अहो, उद्या डॉक्टरांकडे जायचं."

"कशाला? वेड लागलंय का मला?"

"आपली लेक झाली तेव्हा मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिला उचलून घ्यावंसं वाटायचं नाही मला. सगळे म्हणाले, हिला नखरे सुचतायत. दुखणं मी अंगावर काढलं. मला कुणी नेलं नाही. तुम्हाला मी नेणार."

मास्तरांनी मान खाली घातली. त्या 'सगळ्यां'मध्ये तेही होते.

मनाच्या डॉक्टरांनी नैराश्य असल्याचे सांगितले, महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला बोलावले. बोलायला मास्तर गेलेच नाहीत. गोळ्यांची मात्र त्यांना धास्ती बसली. पाकीट कुणाच्या नजरेस पडले तर गिऱ्हाईक काय म्हणेल, जावई काय म्हणेल? शेवटी एका दुपारी त्यांनी सगळ्या गोळ्या वेष्टनातून सोडवल्या आणि माझ्यात ओतल्या. शर्टाच्या बटणाएवढ्याच होत्या त्या, पांढऱ्या आणि गोल. वेष्टने त्यांनी चिंध्यांच्या टोपलीत खुपसली, मला कानाशी धरून हलवले. आवाज बटणांचाच आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते पुटपुटले. काकूंना त्यांनी सांगितले की गोळ्या कपाटात आहेत.

आणि मी? मला चक्क अभिमान वाटला, मित्रांनो. मास्तरांनी आपले गुपित माझ्या पोटात ठेवले, माझ्या घट्ट झाकणावर विश्वास टाकला, याचा. पोरे माझ्यात हात घालून वाढली हे मला त्या वेळी आठवले नाही. मास्तरांनी मला वरच्या फळीवर ठेवले आणि छकुलीला सांगितले, "बटणं सध्या झोपलीत."

गोळ्या सुरू झाल्यापासून तेराव्या दिवशी सकाळी मास्तरांनी गोळी घ्यायला मला खाली काढले आणि उघडले. तेवढ्यात दारात तेच जाड मिशीवाले गिऱ्हाईक आले. मास्तर मला टेबलावर तसाच उघडा टाकून पुढे गेले. लेक छकुलीला सोडायला आली होती, ती आत काकूंशी बोलत होती. छकुलीने स्टूल ओढले. बटणे जागी झालेली बघून तिला कोण आनंद झाला!

"शी, कडू!" ती ओरडली आणि थुंकू लागली.

लेक धावत आली. "काय घातलंस तोंडात?"

"बटण."

"बाबा, हिनं बटण गिळलं की काय?"

मास्तरांनी छकुलीच्या ओठांवरचा पांढरा लगदा पाहिला. मग दारातल्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. आणि म्हणाले, "असेल. बटण काय, पडेल बाहेर."

मी त्या क्षणी नुसता पत्रा होतो. खडखडलोसुद्धा नाही. आपली लाज झाकायला मास्तरांनी नातीचा जीव पणाला लावला होता आणि मी त्यांचा साथीदार होतो. लेक निर्धास्त होऊन पाणी आणायला वळली. छकुली मात्र आजोबांपाशी गेली, त्यांच्या शर्टाला जीभ पुसली आणि म्हणाली, "आजोबा, हे बटण वाईट आहे."

मास्तरांनी तिचे ओठ पुसले. "बटण नाही गं ते," ते लेकीला म्हणाले. "गोळी आहे. माझी. मला उदास वाटतं, जगणं नको वाटतं, त्याची. मीच लपवली होती त्यात."

लेकीने एका हातात छकुलीला घेतले आणि दुसऱ्या काखेत मला मारले. "चला, माझी गाडी बाहेरच आहे," ते गिऱ्हाईक म्हणाले. वाटेत तेच हळूच म्हणाले, "माझा थोरला भाऊ पण अशीच गोळी घेतो, मास्तर. आम्ही कुणाला सांगत नाही."

दवाखान्यातल्या नर्सने मला ट्रेमध्ये उपडे केले. वेष्टन नव्हते, म्हणून गोळीचे नाव मास्तरांनाच मोठ्याने सांगावे लागले. बटणांतून गोळ्या वेचल्या, तर सतरा निघाल्या. तीस आणल्या होत्या, बारा घेतल्या, म्हणजे अठरा हव्या होत्या. एकच गेली होती, आणि तिचाही बराचसा भाग थुंकलेला. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी छकुलीला तिथेच ठेवून घेतले. ती खाटेवर उड्या मारत होती, आणि मास्तर भिंतीला डोके टेकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काकू मास्तरांना घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. मला पुरावा म्हणून पिशवीत घातले होते. त्या डॉक्टर बाईंसमोर मेजावर बसताना मला झाकणासकट विरघळून जावेसे वाटले.

"बंद करा ती गोळी," मास्तर म्हणाले. "तिच्यापायी पोर गेली असती."

"तिच्यापायी नाही, लपवाछपवीपायी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मनानं एकदम बंद करायची नाही, त्रास होतो. कमी करायची वेळ आली की मी सांगेन."

"पण मी तर रडतही नाही. हे नैराश्यच कशावरून?"

"सगळे काही रडत नाहीत. कुणी चिडतं, कुणी झोपूनच राहतं. कुणाला बाळंतपणानंतर येतं, कुणाला ठरावीक ऋतूत. कुणी वर्षानुवर्षं कामं करत राहतं, पण आतून विझलेलं असतं. कुणाचं मन मध्येच नको इतकं उसळतं. त्याचं औषध वेगळं. तुम्ही सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट शिवता का?"

मास्तरांच्या तोंडावर पुसटसे हसू आले. "आणि बरं कधी वाटणार?"

"गोळीला काही आठवडे द्या. नाही बसली, तर बदलू. तुम्हीही कपडा एकदा घालून बघायला बोलावताच की. पण नुसत्या गोळीवर भागायचं नाही. दर आठवड्याला इथं येऊन बोलायचं, रोज थोडं चालायचं. आणि जगणं नको वाटलं, की त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं." मग त्या काकूंकडे वळल्या. "तुमचं तेव्हाचं राहूनच गेलं. आपण बोलू या का?"

इतक्या वर्षांनी काकू रडल्या, आणि मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आता गोळ्या आपल्या वेष्टनातच, वरच्या कपाटात कुलपात असतात आणि किल्ली काकूंकडे असते. मास्तर दर आठवड्याला जातात. सगळेच दिवस चांगले नसतात; कधी पुन्हा कॉलर उसवली जाते. काकूंनी मला साबणाने घासले, बटण न बटण धुतले, आणि माझे झाकण काढून घेतले. त्यात आता खडूचे तुकडे असतात. ज्या झाकणाचा मला एवढा तोरा होता त्याची ही गत झाली, आणि ती योग्यच आहे. छकुली काकूंच्या नजरेसमोर बटणे मांडते, आणि माझ्यात हात घालण्याआधी दर वेळी विचारते, "ही बटणंच आहेत ना?" तेव्हा मला तोंड लपवायला जागा राहत नाही.

मित्रांनो, औषध नेहमी त्याच्या जागी आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवा. पण दुखणे मात्र डब्यात घालू नका. घरातले कुणी गप्प झाले, चिडके झाले, तर त्याला आळशी म्हणू नका, माझ्यासारखे. आणि तुम्हालाच उदास वाटले, तर मोठ्या माणसाला सांगा.

काल दुकानात चार गिऱ्हाइके होती. छकुली टेबलाखालूनच ओरडली, "आजोबा, उदासपणाची गोळी घेतली का?"

कात्री थांबली. मास्तरांचे कान लाल झाले. माझ्या पत्र्याला घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

"घेतली, बाळा. सकाळीच," मास्तर म्हणाले आणि कापड कापू लागले.

तीन गिऱ्हाइके आपापले कपडे घेऊन गेली. चौथी एक बाई होती. ती पडद्यापाशी उगाच रेंगाळली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का?"

मास्तरांनी एक चिंधी पुढे ओढली आणि माझ्या झाकणातला खडू उचलला.