दुरुस्त केलेली झोप

झोप कशी लागावी याचे सल्ले नेहमी ज्याला पडल्या पडल्या झोप लागते त्याच्याकडूनच येतात. सिस्टरची नणंद अशीच, उशीला डोकं टेकलं की घोरायला मोकळी. त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकायचं काम तिच्याकडे होतं. रोज सकाळी तिच्याकडून फोनवर शांत संगीत यायचं: आठ तासांची बासरी, आठ तासांचा धबधबा, आठ तासांचं काहीतरी. धबधब्यानं सिस्टरला तासात तीनदा बाथरूमला जावं लागलं. बासरी बरी होती, पण मधूनच एक बाई येऊन कुजबुजायची, "खांदे सैल सोडा." रात्रभर पेशंटना हेच सांगून आलेल्या नर्सला हे ऐकून झोप येईल कशी? आणि जरा कुठे डोळा लागतोय तोच गादीची जाहिरात सुरू व्हायची.

वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि नवराही लाडात आला की सिस्टरच म्हणे. महिनाभर रात्रपाळी होती. सकाळी नऊला घरी यायचं, दहा ते चार झोपायचं, असा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात ती दहा ते चार छताकडे बघायची. आणि पहिल्याच आठवड्यात व्हायचं तेच झालं. सात नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन भरून ती नऊ नंबरच्या खाटेपाशी उभी राहिली. ज्युनिअर पोरीनं मनगट धरलं म्हणून निभावलं. मेट्रननी ऑफिसात बोलावून सांगितलं, "पहिल्यांदा आहे म्हणून लिहीत नाही. परत झालं तर वॉर्ड सोडावा लागेल." वॉर्डाचं सिस्टरला तितकं काही वाटलं नाही. पण नऊ नंबरचे आजोबा तोंड उघडं टाकून निर्धास्त झोपले होते, ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ती घाबरली होती, स्वतःच्याच हातांना घाबरली होती.

त्यातून तिला वाचवलं ते फिजिओथेरपीच्या हॉलमधल्या जुन्या पियानोनं. तिथे तिच्याच वॉर्डातल्या एक निवृत्त संगीतशिक्षिका उजव्या हाताला पुन्हा कामाला लावत होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई एक सूर दाबायच्या, मग थांबायच्या. पुढचं बोट कुठलं ते शोधायच्या, सापडलं की दाबायच्या. एकदा ड्यूटीआधी सिस्टरनं ते बावीस मिनिटं फोनवर टिपून घेतलं, बाईंची मुलगी भेटायला आली की ऐकवायला. दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून ते नीट आलंय का बघायला लावलं, आणि जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. सलग अकरा दिवस ती तशी झोपली. नणंदेला तिनं कळवलंसुद्धा की आता पाठवू नका, आणि नणंदेनं उत्तर म्हणून समुद्राच्या लाटा पाठवल्या.

आता सगळं सुरळीत चाललं होतं म्हटल्यावर नवरा गप्प बसेल का? नवरा पियानो ट्यूनर. लोकांचे पियानो सुरात आणायचे हाच धंदा, पण स्वतःला एक गाणं वाजवता येत नव्हतं. कामाचा कॉल नसला की तो दिवसभर घरीच, आणि बंद दारातूनही त्याला ते ऐकू जायचं.

"अगं, त्यातली मधली एक तार उतरलीये," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"उतरू दे."

"तुला त्रास नाही होत?"

"मी झोपलेली असते. मला कसला त्रास?"

"मला होतो ना. दात दुखल्यासारखं होतं."

"मग कानात कापूस घाला," असं म्हणून तिनं विषय संपवला. निदान तिला तसं वाटलं. पण ट्यूनरला बेसूर तार म्हणजे वाकडी टांगलेली तसबीर. सरळ केल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

बाराव्या दिवशी सिस्टर अंथरुणात शिरली, फोनवर ते लावलं आणि डोळे मिटले. सूर सुरू झाले. पाच मिनिटांनी तिनं डोळे उघडले, कूस बदलली. पुन्हा पहिल्यापासून लावलं. शेवटी ती उठून बाहेरच्या खोलीत आली. नवरा हसतमुख बसला होता.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"काय कसं वाटलं?"

"काल तुझ्या फोनमधून उतरवून घेतलं, तू ड्यूटीला गेल्यावर कॉम्प्युटरवर बसून साफ केलं आणि आज तू अंघोळीला गेलीस तेव्हा परत फोनमध्ये घातलं. ती तार वर ओढली. मागे कुणीतरी खोकत होतं, ते काढलं. आणि मधे मधे बाईंना सापडत नव्हतं ना, ती सगळी रिकामी जागा कापून टाकली. आता नऊ मिनिटांत एकदम छान वाजतंय."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि जुनं?"

"पुसलं. उगाच दोन असले की गोंधळ होतो."

तिनं कपाळाला हात लावला आणि तशीच खुर्चीत बसली. "अहो, मी त्या रिकाम्या जागेतच झोपत होते. बाई थांबल्या की मी थांबायचे. आता पुढचा सूर येईल, आता येईल म्हणून वाट बघायचे, आणि त्या वाट बघण्यातच डोळा लागायचा. तेवढंच नेमकं कापलंत तुम्ही."

नवरा म्हणाला, "पण तार ओढली ती तरी बरोबर ना?"

यावर तिनं जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

त्या रात्री तिनं प्रत्येक इंजेक्शन ज्युनिअर पोरीला तीनतीनदा दाखवून दिलं. पोरीच्याही नाकी नऊ आले. सकाळी घरी न जाता सिस्टर फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये गेली. अपराधी नवऱ्यालाही तिथे बोलावलं होतं. विचार साधा होता: बाईंना पुन्हा वाजवायला सांगायचं, पुन्हा टिपून घ्यायचं.

बाई पियानोपाशीच होत्या. सिस्टरला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघा हं," म्हणाल्या आणि वाजवू लागल्या. उजवा हात सरसर पळत होता. कुठे थांबणं नाही, शोधणं नाही. फिजिओथेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. शनिवारी बाईंना घरी सोडणार होते.

दोन महिने त्या हाताची नखं सिस्टरनं कापली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात आलं, झाल्या का या बऱ्या, आणि दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. बाईंना वाटलं आनंदानंच आले.

तिनं मग खरं तेच सांगितलं. इंजेक्शनचं, झोपेचं, नवऱ्याच्या उपद्व्यापाचं, सगळं. बाईंनी लगेच पूर्वीसारखं हळू वाजवून पाहिलं. जमेना. नाटकी वाटत होतं, आणि सिस्टरला जांभईसुद्धा आली नाही.

"आता हात ऐकत नाही," बाई हसून म्हणाल्या. "आधी पळायला ऐकत नव्हता, आता थांबायला ऐकत नाही."

नवरा एव्हाना पियानोचं झाकण उघडून आत डोकावत होता.

"त्या तारेला हात लावलात तर बघा," सिस्टर म्हणाली.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला वाजवता येतं?"

"नाही. मी फक्त जुळवतो."

"काहीच येत नाही? साधंसुद्धा?"

"अजिबात नाही."

"मग बसा इथे," बाई म्हणाल्या. "सिस्टर, तुम्हाला वाजवणारा नकोय. तुम्हाला शोधणारा पाहिजे."

शनिवारपर्यंत रोज सकाळी तासभर बाईंनी त्याला तेच साधं गाणं शिकवलं. एक एक बोट धरून, लहान मुलासारखं. आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर तपासलेला माणूस, स्वतः चुकायची पाळी आल्यावर घामाघूम झाला. पहिल्या दिवशी दुपारी घरी बाहेरच्या खोलीतल्या त्याच्या जुन्या पियानोवर त्यानं सुरुवात केली. एक सूर. मग शांतता. मग पुटपुटणं. मग चुकीचा सूर आणि "अरेच्चा." त्या "अरेच्चा"नं सिस्टर पुन्हा टक्क जागी झाली आणि आतून ओरडली, "तोंडानं काही बोलू नका." दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही. सूर वाजला. पुढचा येईना. सिस्टर वाट बघत राहिली. दाराच्या पलीकडे तो माणूस पट्ट्यांवर वाकून आपल्यासाठी पुढचं बोट शोधतोय, सोडून जात नाहीये, एवढं तिला कळत होतं, आणि पुढचा सूर आला की नाही ते तिला कधीच कळलं नाही.

महिना संपत आला. कुणाच्या खाटेपाशी कुणाचं इंजेक्शन गेलं नाही. एका दुपारी चार वाजता ती उठून बाहेर आली तर नवरा अजून पियानोपाशीच होता, आणि चेहऱ्यावर पूर्वीचं ते हसू.

"ऐकलंस का? आज पहिल्या ओळीत एकदाही अडकलो नाही," तो म्हणाला. "माझी प्रगती होतेय."

सिस्टरनं त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात तिला फार प्रिय होते.

"सुधारलात तर याद राखा," ती म्हणाली, आणि पियानोचं झाकण स्वतःच्या हातानं लावून टाकलं.