मुठीएवढी न्याहारी

सुमित्राबाईंच्या राकेशचं लग्न झालं, त्याच वर्षी मी वर्धा जिल्ह्यातल्या आंजीजवळच्या या लहान गावात आलो. लग्नाचा मांडव अजून उतरायचा होता. मला टांगायला आंगणवाडीत दोर नव्हता, म्हणून मदतनीस तानाबाईंनी त्या मांडवाचाच एक दोर मागून आणला आणि आढ्याला बांधला. तेव्हापासून त्या घराशी माझं नातं आहे.

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. धान्याचा नाही, कापसाचाही नाही. मी लेकरांचा काटा. गोल पांढरी तबकडी, काचेमागे तांबडी सुई, वर एक कडी आणि खाली एक आकडा. आकड्याला कापडाची झोळी अडकवायची, तिच्या दोन भोकांतून बाळाचे पाय बाहेर काढायचे आणि हात सोडायचे. माझं शिक्षण म्हणाल तर पंचवीसपर्यंतचे आकडे. ते मात्र मी कधी चुकलो नाही.

महिन्यातून एक दिवस माझा असे. एरवी मी पिशवीत, खिळ्याला. त्या दिवशी सेविका पौर्णिमाताई मला पुसून टांगायच्या आणि बाया आपापली लेकरं घेऊन रांगेत बसायच्या. झोळीत घातलं की बहुतेक पोरं रडत. तानाबाई त्यांना म्हणत, "झोका हाये रे, झोका! पैसे नाई लागत." मग एखादं हसे आणि सुई थरथरे. पौर्णिमाताई ती थांबेपर्यंत वाट पाहत. आया आधी माझ्याकडे बघत, मग लेकराकडे. मला त्याचं बरं वाटे. नवा होतो, मान मिळत होता.

राकेश आणि माधवीला मयुरी झाली. जन्मली तेव्हा बरी होती. दुसऱ्या वर्षापासून ती वाळत गेली. मोठे डोळे, बारीक हात. दिवाळीच्या आधी सुई जिथे थांबली, दिवाळीनंतरही तिथेच थांबली. पौर्णिमाताई म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वजनाले सुई हालली नाई, त मयुरीले वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवा लागन. दोन आठवडे. आईबी संगं पायजे."

सुमित्राबाई एकदम बोलल्या, "आता? कापूस फुटून राह्यला ताई, अन् सून दवाखान्यात बसन?"

शेजारच्या रुख्माबाई आपल्या गुटगुटीत नातवाला, ऋतिकला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "काऊन वो सुमित्राबाई, तुमच्या घरी लेकराले नुसता वास देऊन उठवता का?"

बाया हसल्या. सुमित्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी मयुरीला कडेवर घेतलं आणि मी टांगलेला असतानाच निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात माझा दिवस आला. सुमित्राबाई सगळ्यांच्या आधी हजर. मयुरीचं पोट इतकं टच्च होतं की फ्रॉकची पाठीमागची गुंडी लागत नव्हती. तिला झोळीत घातलं. ती रडली नाही, पोटावर हात धरून बसली. माझी सुई वर गेली, चांगली वर गेली.

"पाह्यलं ताई? वाढली न माही पोरगी?" सुमित्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"कडदोऱ्यात खडे त नाई बांधले न वो?" रुख्माबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मयुरीने आवंढा गिळला, पुन्हा गिळला आणि भडाभडा ओकली. शेवयांची खीर, केळं आणि तांब्याभर पाणी, सगळं फरशीवर आलं. झोळीत ती होती तशीच होती. माझी सुई मात्र हळूहळू मागे सरकली आणि गेल्या महिन्याच्या जागेवर येऊन थांबली.

रुख्माबाईंनी पाय आखडून घेतले. तानाबाईंनी बादली आणली. "राहू द्या वो, लेकरू हाये," एवढंच त्या म्हणाल्या. सुमित्राबाईंनी मयुरीचं तोंड पदराने पुसलं, तिला उचललं आणि मान खाली घालून गेल्या. त्यांच्या चपला दारातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पौर्णिमाताईंनी एका हातात त्या चपला घेतल्या, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि त्या घरी गेल्या. मला पिशवीतून बाहेर काढून त्यांनी ओसरीच्या खुंटीला अडकवलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. माधवी डोक्याला रुमाल बांधून कापूस वेचायला निघाली होती. मयुरी उंबऱ्यावर बसली होती. तिच्यापुढे बशीत चहा होता आणि ती त्यात टोस बुडवून खात होती.

"या तुमच्या चपला, मावशी."

"कायले आणल्या? म्या येऊन नेल्या असत्या."

"तुम्ही नसत्या आल्या."

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अन् याले काऊन आणलं? चोर पकडाले?"

"चोर त कालच सापडला," पौर्णिमाताई म्हणाल्या.

माधवीला हसू आवरेना. शेवटी सुमित्राबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "काय करू ताई? वेचणी बुडाली त वर्षभर काय खावं? अन् गावासमोर माही पोर वाळली म्हणते, ते बी आयकवत नाई."

"सकाळी हे काय खाते?"

"हेच. चहा-टोस. मंग दुपारलोक मांगतबी नाई काही."

"चहानं भूक मरते मावशी, म्हणून मांगत नाई. भरलं पोट नाई ते."

"राकेशले बी म्या असंच वाढोलं."

"राकेशदादा वाढले. हे नाई वाढून राह्यली."

सुमित्राबाई थोड्या चिडल्या. "मंग किती खाऊ घालू, ते त सांगा! काल घातलं पोटभर, तुमच्यासमोर पडलं सारं."

मित्रांनो, हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकत होतो. आया तो माझ्याकडे बघून विचारत. मला त्याचं उत्तर येत नव्हतं. माझ्यावर किलो आहेत, घास नाहीत. पौर्णिमाताईंनी मयुरीचा हात धरला, तिची बोटं मिटवली आणि ती मूठ सुमित्राबाईंसमोर धरली.

"इतलं. तिच्या मुठीएवढं, सकाळी उठल्यावर. ते खाऊन तुमच्याकडे पाह्यलं, त आणखी तेवढंच देजा. तोंड फिरवलं, त थांबजा. मागं धावू नका."

"इतलुसं? हे त चिमणीचं झालं."

"पोट बी तेवढंच हाये न तिचं. रोज देजा फक्त. मंग दहा वाजता आंगणवाडीत खाईन, दुपारी घरी खाईन. भाकर वरणात कुस्करा, वरतून चमचाभर तेल. नाई त शेंगदाण्याचं कूट. अंडं असलं त अंडं."

"अन् चहा?"

"चहा तुम्ही प्या."

माधवी रुमाल सोडून पुन्हा बांधत होती. ती म्हणाली, "आई, रातचं वरण म्या वाटीत काढून ठेवत जाईन. तुम्ही नुसतं गरम करजा." सुमित्राबाईंनी मान हलवली. मला पिशवीत घालून पौर्णिमाताई परत निघाल्या.

पुढचा महिना मी खिळ्यावरच होतो. पण तानाबाई खिचडी शिजवताना बोलत, त्यातून मला कळत गेलं. पहिले काही दिवस मयुरी चहासाठी लोळली. तिला दिसू नये म्हणून सुमित्राबाई गोठ्यामागे जाऊन चहा पिऊ लागल्या. "म्हतारी बाई, अन् चहा चोरून पेते!" असं सांगून तानाबाई पोट धरून हसत. मग एक दिवस मयुरीने वाटी चाटली आणि वर पाहिलं. सुमित्राबाई धावत चुलीकडे गेल्या. दुसरी मूठ तिने अर्धीच खाल्ली. उरलेली आजीने खाल्ली.

पुन्हा माझा दिवस आला. मयुरीला झोळीत घातलं. सुई दोनच बारीक रेघा पुढे गेली. तिथे थांबली.

"पुरे झालं," पौर्णिमाताई म्हणाल्या. "आता दवाखान्यात ठेवाचं काम नाई. असंच चालू ठेवजा."

सुमित्राबाई जागच्या हलल्या नाहीत. "ताई, उतरवू नका. थोडा वेळ राहू द्या." सगळ्या बाया त्या सुईकडे बघत बसल्या. मयुरी झोळीत पाय हलवत होती. सुई मागे आली नाही. तेव्हा कुठे त्यांनी नातीला काढून घेतलं.

त्यानंतर काही वर्षं मी काम केलं. मग आंगणवाडीत विजेवर चालणारा नवा काटा आला. तो बोट लावलं तरी आकडा दाखवतो. मी तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली गेलो. माझी काच तडकली, कडीला गंज चढला. मला मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा सुमित्राबाई आल्या. "मोडीत काऊन देता? मले द्या. माह्या मांडवाचा दोर हाये त्याले."

त्यांनी मला ओसरीत टांगलं. आजूबाजूच्या आया येऊ लागल्या. सुमित्राबाई लेकराची मूठ मिटवून त्यांना दाखवत आणि ते सकाळी काय खातं, हे विचारत. एकदा रुख्माबाई आपल्या धाकट्या नातवाला घेऊन हळूच आल्या. दुकानातला पुड्यातला खाऊ खाऊन त्याची भूक गेली होती. सुमित्राबाईंनी त्यांना बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, "आधी कडदोरा सोडा बरं." दोघी खूप हसल्या.

या पावसाळ्यात सुमित्राबाई खाटेला लागल्या. त्यांचं अन्न तुटलं. माधवी वाटीभर पेज घेऊन त्यांच्यामागे लागे आणि त्या तोंड मिटून घेत. मयुरी आता तिसरीत आहे. एका सकाळी ती खाटेवर चढून बसली. "आजी, मूठ कर." त्यांनी मूठ केली. मयुरीने ती पाहिली आणि वाटीतली पेज कमी केली. सुमित्राबाईंनी थोडे घास घेतले, मग तोंड फिरवलं. मयुरीने चमचा खाली ठेवला.

"आणखी एक दे न," माधवी म्हणाली.

"तोंड फिरवलं न आई. आता थांबाचं रायते."

मित्रांनो, माझी काच तडकली आहे, तरी एक सांगतो. मला खूश करण्यासाठी कधी खाऊ नका. माझा दिवस महिन्यातून एकदा येतो, भूक रोज येते. सकाळी उठलात की आपली मूठ बघा. तेवढं खा, हवं तर आणखी मागा. आणि घरात कोणी लहान किंवा म्हातारं असेल, तर त्याचीही मूठ बघत जा.

सुमित्राबाई यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या, लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी सकाळी वारल्या.