चौसष्ट जीबीचा मुक्काम

बायको गेल्यापासून क्रेनवाले आजोबा घरात एकटेच होते. जन्मभर उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकट्यानं बसून लोखंड उचललं, तेव्हा एकटेपणा अंगवळणी पडलाय असं ते सांगत, आणि लोकांनाही ते पटायचं. यंदा लेकीनं महिनाभर राहायला बोलावलं, तशी आजोबांनी आधी मोबाईलचं दुकान गाठलं.

"महिन्याचे फोटो मावतील असं कार्ड द्या."

"रोज किती काढाल?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"नात आहे तिथं. दोन वर्षांनी भेटणार. शंभर तरी धरा."

"एक फोटो साधारण चार-पाच एमबीचा. बत्तीस जीबी म्हणायचं, पण हाती येतात एकोणतीस. तरी सहा हजार आरामात मावतील. तुमचे तीन हजार झाले तरी अर्धं रिकामं."

"आणि व्हिडिओ?"

"व्हिडिओ काढलेत की अंदाज बोंबलला."

"मग चौसष्टचं द्या. ऐन वेळी हात आखडायला नको."

लेकीचं घर नवव्या मजल्यावर होतं. सकाळी लेक-जावई कामाला, नात शाळेत. आठच्या सुमारास दार लागलं की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा. नात शाळेतून पोहायला जायची, आली की जेवून खोलीत, कानांवर हेडफोन. अकरा वर्षांची पोर, ताडमाड वाढलेली. आजोबांनी मोबाईल उचलला की हातानं तोंड झाकायची.

"आजोबा, नको ना."

एकदा ती सोफ्यावर झोपली होती. तोंड किंचित उघडं, अगदी तिच्या आजीसारखं. आजोबांनी हळूच फोटो काढला. संध्याकाळी लेकीनं तो पाहिला.

"बाबा, तिला न विचारता काढत जाऊ नका. तिला आवडत नाही."

"चुकलंच," आजोबा म्हणाले, आणि तिच्यासमोरच त्यांनी तो पुसून टाकला. पुसताना मोबाईलनं दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं.

मग ते दुपारी बाहेर पडू लागले. दोन गल्ल्या पलीकडे इमारतीचं काम चाललं होतं, तिथं उंच क्रेन होती. समोरच्या बाकावर बसून आजोबा तिच्याकडे बघत राहायचे. चालवणारा दिसायचा नाही, पण ओझं झोका न खाता उतरलं की ते मनातच म्हणत, "शाब्बास." तिचे फोटो मात्र त्यांनी भरपूर काढले. तिथं कुणी नको म्हणत नव्हतं.

एका रविवारी नातीनं ते चाळले.

"सगळे सारखेच आहेत की."

"सारखे कसे? इथं बघ, वारा आहे. दोरी तिरकी दिसते."

"तुम्ही दिवसभर तिथं वर केबिनमध्येच बसायचात? मग शू लागली तर?"

"बाटली."

नात हसून हसून आडवी झाली. आजोबाही हसले. वर गेल्यावर गाव कसं दिसतं, वाऱ्यात केबिन कशी हलते, हे सांगायला त्यांनी नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात तिची मैत्रीण खाली आली आणि नात चपला अडकवून पळाली. बाकीचं सांगायचं राहिलं. तिनं नंतर विचारलं नाही, आणि आपणहून सांगणं आजोबांना जमलं नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर गाडी लागली तेव्हा आजोबांनीच भीड सोडली. "सगळ्यांचा एक काढूया का?"

जावयानं हात लांब करून घाईघाईनं काढला. लेकीचा अर्धा खांदा कापला गेला, नातीचे डोळे मिटले. दुसरा काढायला वेळ नव्हता.

घरी पोचल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या, पाणी प्यायले आणि लेकीला फोन लावला.

"पोचलो गं."

"बरं झालं बाबा. मीटिंगमध्ये आहे, नंतर करते हं."

"कर, सावकाश कर."

खुर्चीत बसून त्यांनी तो फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला, नातीच्या चेहऱ्यापाशी आणला. मिटल्या डोळ्यांनीही पोर हसत होती. "हे बघितलंस का," असं तोंडून निघून गेलं आणि त्यांनी बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बाहेर अंधारलं, तरी दिवा लावायला ते बराच वेळ उठले नाहीत.